जुन्या ऑल्टोचं पांढुरकं प्लॅस्टिक रंगवलं, त्याला आता दहा महिने झाले

आमची ऑल्टो २००९ सालची, बेस मॉडेल. म्हणजे बंपर काळे, आरसे काळे, दरवाजाची हँडलं काळी. काळी म्हणायची ती सवयीने. ऐरोलीत आमच्या सोसायटीला छपराचं पार्किंग नाही, गाडी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते आणि दुपारभर ऊन थेट पुढच्या बंपरवर. त्यात खाडी जवळ. पंधरा वर्षांत बंपर खडूच्या डस्टरसारखा झाला होता. बोट फिरवलं की बोटाला राखाडी भुकटी लागायची. २०२४ मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "अजून पाच वर्षं चालवायचीच आहे, तर जरा माणसांत आण तिला."

आधी चकाकी आणणाऱ्या बाटल्यांचं सांगून टाकतो. तीन वापरल्या. लावल्या दिवशी बंपर शोरूममधून आल्यासारखा, चार धुण्यांनंतर परत तसाच. पावसात तर ओघळ उतरतात आणि खालच्या पांढऱ्या पत्र्यावर डाग पाडतात. लग्नाला जायचं असेल तर आदल्या रात्री लावा, एवढाच उपयोग. उलट या बाटल्यांतल्या सिलिकॉनने मला पुढे रडवलं, ते येईलच.

तुर्भ्याच्या एका पेंटरला विचारलं. सगळ्या काळ्या भागांचे साडेसहा हजार सांगितले आणि वर म्हणाला, "साहेब, प्लॅस्टिकला रंग बसत नाही, बसल्यासारखं करतो." तेव्हा वाटलं गिऱ्हाईक टाळतोय. आता वाटतं, माणूस प्रामाणिक होता.

मग स्वतःच करायचं ठरवलं. पहिला प्रयत्न जुलैमधल्या एका रविवारी, पाऊस उघडला होता म्हणून. एका आरशाच्या कव्हरवर मॅट ब्लॅक मारला आणि अर्ध्या तासात त्यावर दुधाळ झाक आली. हवेतला ओलावा ओल्या रंगात शिरतो, त्याने असं होतं. थिनरने पुसून टाकला आणि जानेवारीपर्यंत थांबलो. आपल्याकडे हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावं, सकाळी दहा ते एकच्या दरम्यान.

आता मुख्य गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. भाग काढून उलटा केला की आतल्या बाजूला प्लॅस्टिकची जात सांगणारी बारीक अक्षरं कोरलेली असतात. माझ्या आरशाच्या कव्हरमागे एबीएस लिहिलं होतं, बंपरमागे पीपी आणि ईपीडीएम (हे एक प्रकारचं रबर). एबीएसला रंग नीट चिकटतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बादल्या-खुर्च्यांचं प्लॅस्टिक. त्यावर गोंदसुद्धा धड बसत नाही, रंग कुठून बसणार? त्यासाठी आधी पारदर्शक प्लॅस्टिक प्रायमर मारावा लागतो. नेहमीचा राखाडी प्रायमर चालत नाही. हा पारदर्शक प्रायमर हार्डवेअरच्या दुकानात मिळाला नाही, गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळाला, आणि मी तिथे कंजूषपणा करून एकच कॅन घेतला.

तयारीतच दोन रविवार गेले. आधी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतलं, मग हिरव्या स्कॉचब्राइटने घासलं. बंपरला कंपनीचा बारीक दाणा असतो, वॉटर पेपर जोरात मारला तर तो दाणा जातो आणि तिथे गुळगुळीत चट्टा दिसतो. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. तरीही वायपरखालच्या जाळीवर पहिला हात मारला तेव्हा रंग जागोजागी मागे सरकला, छोटे गोल खड्डे पडले. पेंटर याला फिश आय म्हणतात. वर्षानुवर्षं चोळलेलं सिलिकॉन, दुसरं काय. परत धुणं, परत घासणं. तिसऱ्या खेपेला बसला.

मारायची पद्धत साधी: पहिला हात इतका हलका की खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे, दहा-बारा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. तोंडाला चांगला मास्क, आणि शेजारच्या गाड्यांपासून लांब. वॉचमनकाकांनी त्यांची सायकल आधीच हलवली होती, त्यांचा माझ्यावर एवढाच विश्वास.

पुढच्या बंपरला मात्र रंग लावला नाही. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनची हॉट एअर गन आणली आणि हळूहळू फिरवली. डोळ्यांसमोर राखाडीचा काळा होत जातो, बघायला मजा येते. वरचा भुरा थर किंचित वितळून खाली बसतो म्हणून. एका जागी फोन आला म्हणून हात थांबला आणि रुपयाएवढा चकचकीत डाग पडला, तो आजही आहे. काचेजवळ आणि पत्र्याच्या रंगाजवळ ही गन नेऊ नये.

एकूण खर्च २,१४० रुपये, त्यात एक वाया गेलेला कॅन.

आता नोव्हेंबर. उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा उलटला. आरसे एक नंबर, कुठेही टवका नाही. वायपरखालची जाळीही ठीक, फक्त कडेला किंचित फिकी. दरवाजाच्या हँडलांना बाहेरून काही झालं नाही, पण बोटं जिथे आत जातात तिथे एप्रिलपर्यंतच नखांनी रंग उडाला. हँडलं रंगवून मी चूक केली, ती तशीच बरी होती.

मागच्या बंपरची गंमत वेगळी. प्रायमरचा तो एकमेव कॅन डाव्या बाजूने निघालो तर पाऊणपर्यंत संपला. उजव्या कोपऱ्याला मी तसाच रंग मारला, म्हटलं कोण बघतंय. जुलैत वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी त्या कोपऱ्यावर आलं आणि रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून लोंबायला लागला, तळहाताएवढा. धुणारा पोरगा घाबरला, मला म्हणाला, "साहेब, मी नाही काही केलं." जिथे प्रायमर होता तिथे तेच पाणी, तोच जोर, काही झालं नाही. फक्त डिकीच्या खालच्या कडेला, गणपतीला गावी जाताना बॅगा घासल्या तिथे, दोन-तीन ओरखडे आहेत.

पुढचा बंपर मे संपेपर्यंत पुन्हा राखाडी. ऑक्टोबरात परत गन फिरवली, पण या वेळी काळेपणा पहिल्याइतका आला नाही. पुढच्या वर्षी तोही रंगवावा लागेल असं दिसतं, पण तो जागेवर रंगवणार नाही, काढूनच रंगवीन, म्हणजे कडा आतपर्यंत झाकता येतात. रंग सुटायला सुरुवात कडेपासूनच होते.

छताच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्यांना मी हात लावला नाही. त्या तडकल्या आहेत आणि रबरावर हा रंग टिकणार नाही. नवीन जोडी मागवली आहे. या शनिवारी त्या येतील, त्याच दिवशी मागचा उजवा कोपरा घासायला घेतो. प्रायमरचे कॅन या वेळी दोन आणलेत.