चौदा लाखांची संस्था: सीएसआर, सरकार, फाउंडेशन की पावतीपुस्तक?

मागच्या महिन्यात बीडच्या धारूर तालुक्यातल्या मैत्रिणीचा फोन आला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ती संस्था चालवते. वर्षाचं बजेट चौदा लाख, पगारावरची माणसं तीन, बाकी सगळं गावातल्या बायकांच्या मानधनावर. एका कंपनीने तिला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी काढायच्या पैशातून, बावीस लाखांचं प्रपोजल पाठवायला सांगितलंय. एका फाउंडेशनचे अर्ज निघालेत. एक विश्वस्त म्हणतात, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, करून घेऊ, अमेरिकेत आपली माणसं आहेत. "तू संस्थांच्या हिशेबात इतकी वर्षं घातलीस गं, सांग कुठे हात घालू?" फोनवर जे सांगितलं ते घाईत होतं, म्हणून इथे नीट लिहिते. तिच्याएवढ्या संस्था आपल्याकडे ढिगाने आहेत.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो "किती मिळतील?" मी तो शेवटी ठेवते. आधी बघायचं ते हे, की पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो, कशावर खर्चू देतो, आणि उद्या थांबला तर आपलं काय काय बंद पडतं. या तीन प्रश्नांवर सीएसआर, सरकार, फाउंडेशन आणि लोकांच्या देणग्यांचं पावतीपुस्तक ही चारही दारं तपासली की चित्र बरंच बदलतं.

त्याआधी कपाट उघडा. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून शेड्यूल वनचा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढा आणि त्यावर आज हयात असलेलेच विश्वस्त आहेत ना, ते पाहा. हसू नका. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, आणि दोन-दोन कार्यकारिण्या बदलून गेल्या तरी तो पडून असलेल्या संस्था मी पाहिल्यात. देणगीदाराचा माणूस पहिल्याच भेटीत हा कागद मागतो. बारा ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीची नोंदणी), एटी जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी नोंदणी) आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक हे त्यानंतर.

आता सीएसआर. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ सांगतं की नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेषा ओलांडली तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्चायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. संस्थेच्या बाजूने बारा ए, एटी जी, तीन वर्षांचं काम आणि २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. एवढं असलं की दार उघडतं, आणि आत रक्कम खरोखरच मोठी असते.

अडचण कॅलेंडरची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मुकादमाने उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे जोडीने करायची तोड, ठरलेला असतो, आणि लेकरू एक तर आजीपाशी राहतं नाही तर बैलगाडीत बसून कारखान्यावर जातं. मुलाला गावात ठेवून घ्यायचं तर पैसा ऑक्टोबरात हवा. कंपनीचा पैसा मात्र बोर्ड, समिती, ड्यू डिलिजन्स (संस्थेची छाननी), करार असं फिरत फिरत फेब्रुवारी-मार्चला येतो, म्हणजे टोळ्या परतायच्या तोंडावर. एका संस्थेत आमच्या खात्यावर २६ मार्चला रक्कम पडली आणि त्याच संध्याकाळी कंपनीतून फोन आला, "मॅडम, ३१ मार्चच्या तारखेचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा," म्हणजे पैसा खर्च झाल्याचा दाखला. पाच दिवसांत सहा महिन्यांचं काम! त्या माणसाचा दोष नव्हता. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे कंपनीचा खर्च झाला, असं सरकार धरत नाही. संस्थेने प्रत्यक्ष खर्च केल्यावरच तो खर्च मानला जातो. आम्ही खोटी सही केली नाही, आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने आम्हाला विचारलं नाही.

यावर उपाय आहे, पण तो करार होण्याआधी करावा लागतो. हे काम बहुवर्षीय, म्हणजे "ऑनगोइंग प्रोजेक्ट" म्हणून बोर्डाकडून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते आणि पुढच्या तीन वर्षांत खर्चू शकते. तुमच्या बाजूनेही मार्चअखेरच्या पैशाची खबर सीएला लगेच द्या. नाहीतर उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्चण्याचा आयकराचा नियम गळ्याशी येतो.

दुसरी लढाई पगाराची. "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर नको, कायदाच आहे" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. तो नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१च्या खुलाशात हे स्पष्ट केलंय. त्याची प्रिंट जवळ ठेवा आणि शांतपणे पुढे करा. अकाउंटंटचा अर्धा पगार, जागेचं भाडं, मोटारसायकलचं पेट्रोल हे प्रपोजलमध्ये आधीच घालायला शिका. नंतर कुणी देत नाही.

सरकारी अनुदानाचं अगदी उलट असतं. मंजुरी मिळाली की काम पक्कं, पैसा मात्र कच्चा. आधी आपण खर्चायचं, बिलं लावायची, सरकारच्या वित्त नियमांतल्या जीएफआर १२-एच्या नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, मग पुढच्या हप्त्याची वाट बघायची. आधीच्या हप्त्याचा हिशेब मान्य झाल्याशिवाय पुढचा निघत नाही, आणि मान्य करणाऱ्या साहेबांची मधल्या काळात बदली होते. एका खात्याच्या हप्त्यासाठी आमच्या अध्यक्षबाईंनी स्वतःची पाटली गहाण ठेवलेली मला माहीत आहे. ज्या संस्थेकडे सहा महिने रेटायचं पाठबळ नाही, तिने सरकारी अनुदानावर पगार ठेवू नयेत.

तरी हे दार मी बंद करत नाही. सरकारी योजनेत नाव असलं की ग्रामसेवक आणि शाळांचे केंद्रप्रमुख दारात उभं करतात, शाळेचा हजेरीपट बघायला मिळतो. हा मान कंपनीच्या बोर्डाखाली काम करून मिळत नाही. फक्त योजना आपल्या जिवावर कायम राहील असं समजू नका. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये सुरू झालेलं केंद्रीय समाजकल्याण मंडळ छोट्या महिला संस्थांचा कितीतरी दशकं आधार होतं. २०२२ मध्ये ते बंद झालं.

फाउंडेशनचं सांगायचं तर माणसं वाचतात, प्रश्न विचारतात, आणि "तुमचं म्हणणं काय?" हे त्यांना खरंच ऐकायचं असतं. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. इतक्या जुन्या घरांना एका आर्थिक वर्षाची घाई नसते. अलीकडे काहींना हेही पटलंय की संस्था जगली तर प्रकल्प जगतो. २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशनने ग्रो फंड काढला, शंभर तळागाळातल्या संस्थांसाठी शंभर कोटी, चोवीस महिने, आणि तोही पगार, यंत्रणा, माणसांचं प्रशिक्षण यांसाठी. असा पैसा मिळाला तर डोळे झाकून घ्यावा. पण तो क्वचितच निघतो, स्पर्धा देशभरची असते, आणि अर्ज इंग्रजीत. धारूरच्या कार्यकर्तीला गाव तोंडपाठ असतं, "थिअरी ऑफ चेंज", म्हणजे कामातून बदल कसा घडेल याची कागदावरची मांडणी, नसते. मग इंग्रजी येणाऱ्या शहरी संस्था पुढे जातात. मला याचा राग आहे, तो लपवत नाही.

उरलं पावतीपुस्तक. रकमेच्या रांगेत ते शेवटचं, माझ्या यादीत पहिलं.

मराठी माणूस देत नाही असं म्हणणाऱ्यांनी गणेशोत्सवात 'लोकसत्ता' उघडावा. 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रमात २०११ पासून दरवर्षी मोजक्या संस्थांची ओळख छापून येते आणि वाचक चेक पाठवतात. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' प्रदर्शन भरतं. आई-वडिलांच्या नावाने पान वाढण्याऐवजी तिथे पावती फाडणारे लोक असतात. या पैशाला हेड, म्हणजे ठरवून दिलेलं खर्चाचं खातं, नसतं. शिक्षिका आजारी पडली, एखादं लेकरू कारखान्यावरून तापाने फणफणत परत आलं, टेम्पो करून रात्रीच आणायचं आहे, तर हाच पैसा उठतो. कुणाला मेल करून "बजेट रिव्हिजन" मागावं लागत नाही.

कटकट आहेच. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेक. प्रत्येक देणगीदाराचा पॅन घ्यायचा, ३१ मेपर्यंत विवरण भरायचं, त्यातून निघालेलं प्रमाणपत्र त्याला पाठवायचं. विवरणाला उशीर झाला तर रोजचे २०० रुपये. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुन्या पावतीवरचा मजकूर एकदा सीएला दाखवा. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही. आमचे देणगीदार आटतील अशी मला धास्ती होती. पाचशे-हजार देणाऱ्यांपैकी कुणी विचारलंही नाही.

एफसीआरएचं थोडक्यात. तीन वर्षं जुनी संस्था, त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च, एवढं असलं तर अर्ज करता येतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा फक्त दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि त्यातला रुपयाही दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आधी शहरातल्या मोठ्या संस्था परदेशी निधी आणून तालुक्यातल्या छोट्यांना देत, ती वाट यामुळेच बुजली. चौदा लाखांच्या संस्थेने एवढी यंत्रणा सांभाळणं म्हणजे शेळीसाठी हत्तीचा गोठा. विश्वस्तांच्या न्यू जर्सीतल्या भाच्याला मात्र एक विचारा, पासपोर्ट कुठला? रंग विचारू नका, दोन्ही निळेच. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणार असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असूनही ती परदेशीच, आणि एफसीआरए नसताना एक डॉलरही घेऊ नका.

आता ज्यावर कुणी बोलत नाही ते, अभ्यासाचा पैसा. "तुमच्याकडे डेटा आहे का?" असं कंपनीही विचारते, फाउंडेशनही, आणि डेटा गोळा करायला पैसे मात्र कुणी देत नाही. सीएसआरच्या यादीत संशोधन आहे, पण ते विज्ञान, तंत्रज्ञान, वैद्यक यांचं आणि मुख्यतः सरकारी पैशावरच्या संस्थांसाठी. गावातल्या मुलांची मोजणी त्यात बसत नाही. ती प्रकल्पाच्या आत, सुरुवातीची पाहणी आणि शेवटचं मूल्यमापन म्हणूनच बसवावी लागते.

नोंदीचं वजन काय असतं ते गडचिरोलीत पाहावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने काम सुरू करण्याआधी जन्म-मृत्यू मोजले. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी आणि तुलनेला ४७ गावं. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात गेली. सगळ्यांना तेवढं जमणार नाही. पण मैत्रिणीकडे एक लांब रजिस्टर आहे, त्यात मुलाचं नाव, कोणत्या मुकादमाची टोळी, कोणता कारखाना, गेल्याची तारीख, आल्याची तारीख, शाळेचे बुडालेले दिवस. शेवटचा रकाना अर्धाअधिक रिकामा आहे, कारण तो भरायला शाळाशाळांत जावं लागतं आणि त्याच्या पेट्रोलला हेड नाही. तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची मुलं फील्डवर्कला बाहेर पडतात, त्यांना विचारता येईल. अट एकच घालायची, अहवालाची मराठी प्रत संस्थेत ठेवून जायची. एका अभ्यासक बाईंनी आमच्या गावात पन्नासेक मुलाखती घेतल्या होत्या. त्यांचं पुढे काय झालं हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

तर तिला मी काय सांगितलं? बावीस लाखांचं प्रपोजल आठ लाखांवर आण, तीन वर्षांचं ऑनगोइंग म्हणून माग, आणि पहिला हप्ता सप्टेंबरअखेर हे करारात लिहून घे. तयार नसतील तर नाही म्हण. चौदा लाखांच्या संस्थेत बावीस लाख आले की पाच नवी माणसं येतात, आणि तिसऱ्या वर्षी कंपनीचं लक्ष दुसरीकडे गेलं की त्या पाच जणांना घरी पाठवायचं काम तिच्यावर येतं. फाउंडेशनचा अर्ज भर, पण त्यावर बजेट उभं करू नकोस. सरकारी योजनेत फक्त पगार नसलेला भाग घे. पावतीपुस्तकातून दरवर्षी निदान दोन लाख उभे कर, आणि त्यातलं पहिलं पेट्रोल त्या शेवटच्या रकान्याला.

एफसीआरए नको. विश्वस्तांचा भाचा डिसेंबरात येतोय म्हणे. हंगाम तेव्हा भरात असतो. त्याला वस्तीवर ने, आजीच्या हातची भाकरी खाऊ घाल, आणि येताना पावतीपुस्तक बरोबर ठेव. पासपोर्ट बघूनच.