टफन सांगून ‘हेवी’ काच बसवली : 29,820 रुपये गेले

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या घराच्या गॅलरीचे दार आणि चार खिडक्या यांसाठी मी टफन (तापवून मजबूत केलेली सुरक्षित) काच सांगितली होती. 142 चौरस फूट, दर 210, एकूण 29,820 रुपये. त्यांपैकी 15,000 आगाऊ आणि उरलेले काम संपताच रोख दिले. कोटेशनवर मात्र ‘5 एमएम हेवी क्लिअर’ असे लिहिले होते. दुकानदाराला विचारल्यावर, ‘‘काका, आमच्यात टफनलाच हेवी म्हणत्यात,’’ असे उत्तर मिळाले. हेवी म्हणजे टफन नव्हे. कागदावर ‘टफन’ हा शब्द आणि आयएस 2553 हे सुरक्षा काचेचे भारतीय मानक लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

ज्या क्षणी माझे डोळे उघडायला हवे होते, तो क्षण अजून जाळतो. एक तावदान चौकटीत बसेना, तेव्हा कारागिराने ते आमच्याच जेवणाच्या टेबलावर आडवे ठेवले, पट्टी लावून हिरकणी (काच कापायचे हत्यार) ओढली आणि कडेची पाव इंचाची पट्टी अलगद मोडून काढली. टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. ती नंतर कापू गेल्यास सगळीच फुटून तिचा चुरा होतो. मापे घेताना ‘‘नंतर कापता येत नाही’’ असे त्याच दुकानदाराने मला बजावले होते! त्या दिवशी वडिलांना दवाखान्यातून घरी आणले होते, माझे निम्मे लक्ष त्यांच्याकडे होते, आणि शेजाऱ्यांचे काम त्यानेच चोख केले असल्याने संशय घ्यावा असे वाटले नाही.

जूनच्या वाऱ्यात दार आपटले आणि काचेचे सुऱ्यासारखे लांब तुकडे पडले. पत्नीच्या पायाला तीन टाके पडले. टफन असती तर बोथट, बारीक खडे पडले असते. टफन काचेच्या कोपऱ्यातील कायमचा शिक्का काच बसवण्याआधीच पाहा. कागदी स्टिकर कोणीही चिकटवतो.

पोलीस ठाण्यात ‘‘ही दिवाणी बाब आहे, आणि कागदावर हेवीच लिहिलंय की,’’ म्हणून मला परत पाठवले. दुसऱ्या कार्यालयाने काच साधी असल्याचा तपासणी अहवाल मागितला, पण तो कोठून आणायचा हे तेथील एकालाही सांगता आले नाही. तिसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर, चौथ्यांदा माझा अर्जच सापडेना, आणि रक्ताळलेल्या काचेचे फोटो पाहून एका लिपिकाने ‘‘मग आता काय करायचं म्हणता?’’ असे मलाच विचारले. नागरिकाने दाद मागायची तरी कुठे?

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हे मला कोणीही सांगितले नाही; 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यावर कळले. रोख देऊ नका; माझ्याकडे 14,820 रुपयांची पावती नाही. साधी काच 80 रुपये दराने 11,360 ची होते, म्हणून उरलेल्या 18,460 रुपयांचा आणि टाक्यांच्या खर्चाचा दावा मी तयार करत आहे. कापलेली ती पाव इंचाची पट्टी टेबलाखाली सापडली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कोटेशनसोबत ठेवली आहे.