‘इम्युनिटी ड्रिंक’ म्हणून साखरपाणी गळ्यात मारलं, सावध राहा

घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर हे वाचाच. आमच्या मुलाला वरचेवर सर्दी व्हायची आणि नेमकी तेव्हाच मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘किशोरवयीन मुलांची प्रतिकारशक्ती वाढवणारं पेय’. पांढरा कोट घातलेला माणूस बोलतोय, त्याचं नाव नाही, पदवी नाही. खाली ‘मुलाचा इम्युनिटी स्कोअर तपासा’ अशी प्रश्नावली. भरली, तर निकाल ‘चिंताजनक’, आणि लगेच ‘सवलत फक्त आजच’चं घड्याळ सुरू. पुढे संशय आल्यावर तीच प्रश्नावली मुद्दाम सगळी आदर्श उत्तरं देऊन भरली. तरीही चिंताजनकच!

बाटलीवर समोर ठळक अक्षरांत ‘व्हिटॅमिन सी, झिंक, वरून साखर नाही’. खरी गंमत मागच्या बारीक अक्षरांत. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. इथे पाण्याच्या पाठोपाठ फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आटवलेला रस. जागतिक आरोग्य संघटना त्यातली साखरही ‘फ्री शुगर’मध्येच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या गटातच धरते. २०१५ च्या तिच्या शिफारशीनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात साधारण ५० ग्रॅम. लेबलवर लिहिलंय १०० मिलीला ११ ग्रॅम, बाटली ५०० मिलीची. गुणाकार तुम्ही करायचा. एका बाटलीतच ५५!

यादीच्या तळाशी ‘ग्वाराना अर्क’. कॅफीन हा शब्द कुठेही नाही, पण ग्वाराना या वेलीच्या बियांत कॅफीन, म्हणजे कॉफीतलं झोप उडवणारं द्रव्य, असतंच. मुलगा संध्याकाळी खेळून आला की बाटली तोंडाला लावायचा आणि रात्री टक्क जागा. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि अपुऱ्या झोपेत सर्दी लवकर गाठते. म्हणजे पैसे देऊन दुखणंच घरी आणलं. राहिलं व्हिटॅमिन सी. जादा झालेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. रोज घेतल्याने सर्दी टळत नाही, झालेली फार तर थोडी लवकर बरी होते.

पैशांचा सापळा वेगळाच. ‘ट्रायल पॅक’ म्हणून कार्डाचा नंबर घेतला आणि अटींमध्ये दरमहा सबस्क्रिप्शन घुसडलेलं. ॲपमध्ये ते रद्द करायची सोयच नाही. चॅटवर ठरलेलं उत्तर: ‘सील तुटलंय, परतावा मिळणार नाही.’ सील न तोडता काय बाटलीकडे बघत बसायचं? शेवटी बँकेत जाऊन ऑटोपे बंद केला, तेव्हा कुठे पैसे कापले जाणं थांबलं. गेले ते गेलेच.

असलं काही घेण्याआधी विक्रेत्याकडे मागच्या लेबलचा फोटो मागा. द्यायला टाळाटाळ केली तर विषय तिथेच संपवा. घेऊन बसला असाल तर जाहिरात, पावती, चॅट, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढा, तक्रार नंतर करा. आमची तक्रार जाताच त्यांच्या पानावरून ‘सर्दीपासून संरक्षण’ हे वाक्य गायब झालं. स्क्रीनशॉट हातात होता, म्हणून ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ हे त्यांना म्हणता आलं नाही.