किल स्विच आणि वही : सात-आठ महिने वापरल्यावर

शेअर बाजारात ऑप्शनमध्ये लॉस झाला की "आजच्या आज काढायचा" अशी सणक डोक्यात जाते. तिला आवर घालायला मी गेले सात-आठ महिने दोन गोष्टी वापरतोय : ब्रोकरच्या ॲपमधला किल स्विच आणि राजारामपुरीतून घेतलेली शंभर पानी वही.

किल स्विच दाबला की एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमधलं ट्रेडिंग, बंद. माझ्या ब्रोकरकडे पुढचे १२ तास ते चालू करता येत नाही. उघड्या पोझिशन, म्हणजे चालू असलेले ट्रेड, आधी क्लोज कराव्या लागतात, मगच बटण चालतं. हे मला फार पटलं, कारण लटकत ठेवलेला लॉस आधी बुक होतो. पण सकाळी ११ ला बंद केलं तर रात्री ११ ला उघडतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सव्वानऊला आपण मोकळे. राग इतक्यात उतरत नाही. म्हणून सलग दोन दिवस लॉस झाला की माझा तो आठवडा बंद. दुसऱ्या ब्रोकरकडे खातं असेल तर बटण असून नसल्यासारखं. मी एकच ठेवलंय.

खरं काम वही करते. ट्रेडच्या आधी तीन रकाने भरायचे : का घेतोय, स्टॉपलॉस (तोटा थांबवून बाहेर पडायचा भाव) कुठे, तो लागला तर किती रुपये जातील. रक्कम भांडवलाच्या १ टक्क्यावर गेली की ट्रेड रद्द. दोन लाखांवर २ हजार. यात पुष्कळदा एक लॉटही (एका वेळी घ्यावा लागणारा किमान ठरलेला गठ्ठा) बसत नाही, मग तो ट्रेड आपला नव्हेच. एकदा 'का घेतोय' खाली पेन टेकवलं आणि चार्टवरचं एकही कारण सुचेना. "कालचे काढायला" एवढंच लिहिलं गेलं. ऑर्डर टाकली नाही. त्या पानाला क्लिप लावून ठेवलीय.

तोट्यात असताना माणूस जास्त जोखीम घेतो, हे कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय. गणितही उलटं पडतं : २० टक्के गेले तर भरून यायला २५ लागतात, ५० गेले तर १००. म्हणून लॉसनंतर मी क्वांटिटी निम्मी करतो. मार्केट यार्डातले मामा म्हणतात, गुळाच्या एका सौद्यात मार बसला म्हणून दुसऱ्या दिवशी कोण दुप्पट रवे उचलतंय व्हय?

माझा जुना लॉस अजून पुरता भरून आलेला नाही, साधारण निम्मा आलाय. झोप मात्र पहिल्या महिन्यातच परत आली, आणि माझ्या लेखी तीच मोठी कमाई. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या १० पैकी ९ हून अधिक वैयक्तिक ट्रेडरना तोटा झालेला दिसतो. तेव्हा कर्ज काढून उतरलेल्याने वही घेण्याआधी बाहेर पडावं.

ब्रोकरला एकच विनंती : १२ तासांऐवजी किती दिवस बंद ठेवायचं ते आम्हाला ठरवू द्या. मी पहिल्यांदा सात दिवस निवडेन.