माशी बांधण्याचा संच : गळ उत्तम, व्हाइस कच्चा

ट्राउट माशासाठी गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून जी बनावट माशी तयार करतात, ती घरीच बांधता यावी म्हणून मी मार्चमध्ये साडेतीन हजार रुपयांचा एक संच ऑनलाइन मागवला. या माशाला थंड, वाहते पाणी लागते, त्यामुळे आपल्या तापी-गिरणेत तो सापडत नाही. मात्र मी दरवर्षी हिमाचलातल्या तीर्थन नदीवर परवाना काढून गळ टाकायला जातो आणि विकतच्या माशा दोन-तीन झाडांच्या फांद्यांवर अडकल्या की खिसा रिकामा होतो.

संचातले गळ खरोखर चांगले आहेत. (गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवख्याने ध्यानात ठेवावे.) दहा आणि बारा नंबरचे गळ टोकदार आहेत, ओढ बसली तरी वाकत नाहीत, आणि सोबतची मारबूची पिसे, म्हणजे टर्कीची मऊ पिसे, भरपूर व दाट आहेत. दहा नंबरच्या गळावर शेपटीला मारबू, अंगाला शेनिल, म्हणजे लवदार जाड धागा, आणि त्यावरून कोंबड्याच्या पिसाचे वेढे अशी 'वुली बगर' नावाची माशी पहिल्याच संध्याकाळी जमते. मात्र एप्रिलच्या जळगावात पंखा सुरू ठेवून हे काम करता येत नाही, कारण मारबूचा तंतू वाऱ्याच्या नुसत्या झुळकीने उडतो. पहिल्या दिवशी माझी अर्धी पुडी घरभर पसरली आणि एक पीस वरणाच्या पातेल्यात सापडले. पंखा बंद करून घामाघूम अवस्थेत बसलेला मी पाहून आत्या दारातूनच म्हणाल्या, "लोके माशा मारतस, तू माशा बांधस!" तेव्हापासून घरात या कामाला हेच नाव पडले आहे.

संचाची खरी उणीव व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात आहे. सोळा नंबरचा बारीक गळ त्याच्या जबड्यात टिकत नाही. दोऱ्याला ताण दिला की गळ फिरतो आणि तोवर घातलेले वेढे सैल पडतात. बॉबिनच्या, म्हणजे दोऱ्याची रीळ धरणाऱ्या साधनाच्या, नळीची कडाही खरखरीत आहे, तिच्यावर दोरा तुटतो. मी ती कडा बारीक पॉलिशपेपरने घासून घेतली, व्हाइसला मात्र उपाय सापडला नाही.

दुसरी तक्रार पिसांची. १९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये लिओनार्ड हॅलडे यांनी प्रथम बांधलेली 'अ‍ॅडम्स' मला फार आवडते, कारण ती कोणत्याही एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही. मक्षिकास्थाने मक्षिका न करताही मासा फसतो, ही तिची खुबी. पण ती पाण्यावर तरंगायची तर पिसाचे तंतू ताठ हवेत आणि त्यांची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या साधारण दीडपट हवी. संचातली पिसे मऊ आणि लांब निघाली, त्यामुळे ग्लासभर पाण्यात टाकलेली माझी अ‍ॅडम्स क्षणभर तरंगून तळाला गेली. अखेर रविवारच्या बाजारातल्या कोंबडीवाल्याकडून गावरान कोंबड्याच्या मानेची, डोक्याजवळची लहान पिसे मागून आणली, साबणाने धुऊन सावलीत वाळवली. तीच माशी नंतर ग्लासात रात्रभर तरंगत राहिली आणि सकाळी आत्यांनी ती मेलेली माशी समजून पाण्यासकट मोरीत ओतली.

एप्रिलअखेर तीर्थनवर तीन दिवस मिळाले. वुली बगरला दोन ब्राउन ट्राउट लागले, दोन्ही पाण्यात परत सोडले. गावरान पिसाच्या अ‍ॅडम्सवर एक मासा वर आला, पण गळाला लागला नाही.

दहा-बारा नंबरच्या मोठ्या माशा बांधायच्या असतील तर हा संच अवश्य घ्यावा. बारीक माशांसाठी व्हाइस वेगळा विकत घ्यावा आणि पिसे मात्र कोंबडीवाल्याकडूनच आणावीत.