ऐरोलीत पावसाळा काढलेला मिनी पीसी: बिटकॉइन नोडसाठी कसा?

१६ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर. स्पेक सगळ्यांना पाठ आहेत. आवाज नाही, फुल नोड (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची साखळी उतरवून स्वतः तपासणारा प्रोग्रॅम) आरामात चालतो. तक्रार एकच: लाईट जरा लुकलुकली की गडी बंद.

सिनेमा बघायला घेतला असता तर चाललं असतं, नोडला नाही चालत. नोडचा प्रोग्रॅम बिटकॉइन कोअर यूटीएक्सओच्या (अजून न खर्चलेल्या नाण्यांच्या) नोंदी आधी रॅममध्ये, म्हणजे डीबीकॅशमध्ये साठवतं आणि मधूनमधून एकदम डिस्कवर उतरवतं. मध्येच वीज गेली तर बहुतेक वेळा मागचे काही ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) पुन्हा तपासून भागतं. नशीब फुटकं असेल तर चेनस्टेट, म्हणजे डिस्कवरचा या नोंदींचा साठा, बिघडतो आणि तो नव्याने बांधायला रीइंडेक्स-चेनस्टेट चालवावं लागतं. ब्लॉकच्या फाइली शाबूत असल्या तर डाउनलोड वाचतं, पडताळणी मात्र पहिल्यापासून. प्रून केलेल्या (जुने ब्लॉक पुसून टाकणाऱ्या) नोडला तीही सोय नाही, सगळी साखळी पुन्हा उतरवा. म्हणून डिस्कचे पैसे वाचवायला प्रून करा, हा सल्ला आपल्याकडे महागात पडतो.

सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: एसएसडी गेली, नवी घ्या, वॉरंटीत बसत नाही. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) चालवून बघा. ‘मीडिया एरर्स’ शून्य आणि ‘अनसेफ शटडाउन्स’ वाढत चाललेले असतील तर डिस्कवर संशय घेण्याआधी वीज तपासा. फुकटचे पैसे घालवू नका.

राउटरचा मिनी यूपीएस इथे कामाचा नाही. १२ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. नोड निवांत असताना पुरतो, सिंकच्या (साखळी उतरवून तपासण्याच्या) भारात मान टाकतो.

सुधारणा: आधी दोन तारे दिले होते, आता चार. घरच्या इन्व्हर्टरचं मागचं बटण ‘इको’वरून ‘यूपीएस’वर केलं आणि कटकट मिटली. इकोत बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात अ‍ॅडाप्टर झोपतो. खर्च शून्य रुपये!

तरी दोन गोष्टी कराच. पहिल्या सिंकला डीबीकॅश ८००० एमबी ठेवलं असेल तर नंतर ४५०वर आणा. आणि सिस्टमडीत (लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणारी यंत्रणा) टाइमआउट-स्टॉप-सेक ६०० करा. एरवी बंद करताना ९० सेकंदांत सिस्टमडी नोडचा प्रोसेस मारून टाकतो, कॅश लिहून झालेली असो वा नसो.

ब्रॉडबँड सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच आयपी वाटण्याच्या) मागे असेल तर ८३३३ पोर्ट बाहेरून उघडत नाही. नोड तरीही सगळे ब्लॉक स्वतः तपासतो, फक्त बाहेरचे पिअर, म्हणजे इतरांचे नोड, आत येत नाहीत. ते हवे असतील तर टॉर (निनावी नेटवर्क) लावा, स्टॅटिक आयपीचे पैसे भरू नका.

पाचवा तारा कापला तो बायोससाठी (पीसीच्या मूळ सेटिंगसाठी). वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय कंपनीतूनच बंद येतो.