ईएन-३६सी चा गिअर सेट, एक सीझन चालवल्यानंतर

बोट आतेभावाची, अलिबागला असते, स्टर्नड्राइव्ह आहे (इंजिन बोटीत, प्रोपेलरचं युनिट मागे बाहेर) आणि मागे मोठं पेट्रोल व्ही-८. मी बडोद्याचा, आमच्याकडे विश्वामित्रीत मगरी आहेत पण स्पीडबोट कुठे, तरी मकरपुरा जीआयडीसीत गिअर कापून मिळतात म्हणून काम माझ्याकडे आलं. ऑक्टोबरात लोअर युनिटचा, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या पाण्यातल्या खालच्या भागाचा, नवा गिअर सेट बसवला, ईएन-३६सी या निकेलवाल्या स्टीलचा, मे अखेरीस पावसाळ्यासाठी बोट वर काढली तेव्हा सगळं उघडून बघितलं, आता लिहितो.

आधी जुना सेट का गेला ते. पिनियनचा (जोडीतला लहान गिअर) एक दात निम्मा उडाला होता आणि शेजारच्या दातांवर पोपडे निघालेले. कलाभवनात (बडोद्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) मेटलर्जी शिकलेल्या मित्राने दात कापून हार्डनेस घेतला तर वरचा थर (केस) ६० एचआरसी (रॉकवेल हार्डनेस), म्हणजे एकदम बरोबर, पण केस डेप्थ, म्हणजे या कडक थराची जाडी, अर्धा मिमीसुद्धा नाही, आणि खालचा कोअर, म्हणजे आतला गाभा, मऊ. करंजीची पारी कडक आणि आत सारण भुसभुशीत असलं की दाबल्यावर पारी आत बसते ना, तसं. क्रॅक वरून आलाच नव्हता, केस आणि कोअर जिथे भेटतात तिथून सुरू झाला होता. त्यामुळे नुसता वरचा हार्डनेस दाखवून कोणी "चेक केलंय" म्हणत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

स्टील ८६२० जातीचं निघालं, निकेल अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्याला शिव्या देऊ नका, गाड्यांचे गिअर त्याच जातीचे असतात. पण बोटीत भानगड वेगळी आहे, लाटेवरून उडालं की प्रोपेलर हवेत जातो, आरपीएम वर पळतात आणि परत पाण्यात आपटला की सगळा झटका पिनियनच्या एकदोन दातांवर. आणि गिअर मोठा करावा म्हटलं तर करता येत नाही, खालचा टॉर्पेडो (गिअर ज्यात बसतात तो पाण्यातला लांबट फुगीर भाग) जाड झाला की पाण्यात ओढ वाढते. मग उरतं काय तर स्टील आणि हीट ट्रीटमेंट.

ईएन-३६सी मध्ये निकेल ३ टक्क्यांच्या वर, त्यामुळे कोअर चिवट राहतो. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये वापरतात ते ९३१० स्टील साधारण याच घराण्यातलं, पण थोड्या क्वांटिटीत ते शोधत बसायला मला वेळ नव्हता. एक मात्र, निकेल जास्त असलं की क्वेंचनंतर (तापवून झटकन थंड केल्यावर) ऑस्टेनाइट, म्हणजे स्टीलचं न बदललेलं मऊ रूप, जास्त उरतो म्हणून सब-झिरो, म्हणजे शून्याच्या बरंच खाली थंड, करून घ्यावं लागतं, इथल्या एका वर्कशॉपने "गरज नाही साहेब" म्हणून टाळायला बघितलं, मी दुसरीकडे केलं. पिनियनसोबत त्याच भट्टीत टेस्ट कूपन (त्याच स्टीलचा नमुना तुकडा) टाकायला लावलं, हार्डनेस ५५० एचव्ही (विकर्स) पर्यंत उतरतो तिथवर मोजून केस डेप्थ १ मिमीच्या थोडी वर आली, मग पैसे दिले.

बसवताना ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून कॉन्टॅक्ट मुद्दाम टोच्या, म्हणजे दाताच्या आतल्या टोकाच्या, बाजूला थोडा ठेवला, कारण लोड आला की अॅल्युमिनियमची केसिंग वाकते आणि पॅटर्न हीलकडे, म्हणजे बाहेरच्या टोकाकडे, सरकतो. पिनियन आणि क्राउन (जोडीतला मोठा गिअर) एकत्र लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले, जोडी मोडायची नाही.

आता निकाल. पिटिंग (दातांवर खड्डे) नाही, क्रॅक नाही (डाय पेनिट्रंट, म्हणजे भेगेत शिरणारा रंग, मारून बघितलं), पिनियनच्या दातांवर हीलजवळ फिका राखाडी पट्टा आहे, मायक्रोपिटिंगची सुरुवात म्हणा, लक्ष ठेवायचं. ऑइलमधला लोखंडी चुरा पकडणाऱ्या मॅग्नेटवर नुसता बारीक काळा चुरा, कण नाही. न आवडलेलं म्हणजे मधल्या आरपीएमला शिट्टीसारखा आवाज येतो, जुन्यात नव्हता, आणि खर्च जुन्याच्या जवळपास दुप्पट.

मधे एकदा जाळ्याचा नायलॉन दोरा प्रोप शाफ्टला गुंडाळून सील कापलं, ऑइल ताकासारखं पांढरं. त्याच दिवशी काढून सील बदललं म्हणून दात वाचले, पाणी राहिलं असतं तर ऑइलची फिल्म तुटते, गंजाचे बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच पिटिंग सुरू, मग स्टील कुठलंही आणा. डॉग क्लचच्या (गिअर टाकताना खाचांत अडकणारा दातेरी क्लच) कडा मात्र थोड्या गोल झाल्यात, तो आतेभावाचा प्रताप, गिअर हळूच सरकवतो आणि त्याला वाटतं प्रेमाने चालवतोय, उलट झटक्यात टाकायला हवा.

पाऊस संपला की हाच सेट परत चढवतोय, पिनियनचं बेअरिंग नवीन आणि शिम (गिअरची जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) पुन्हा मोजून.